हिंगोलीच्या छावणीतला कापडवाला

हरिसिंग हा हिंगोलीच्या छावणीतला इभ्रतदार व्यापारी होता. कापडाचा धंदा, छावणीच्या बाजारात ऊठबस आणि इंग्रज अधिकाऱ्यांशी व्यवहार. एके दिवशी त्याने जिल्ह्याच्या मुलकी कारभारावर असलेल्या कॅप्टन रेनॉल्ड्सकडे अर्ज केला. मुंबईहून थोडे कापड आणायचे आहे, वाटेत अडचण नको म्हणून परवाना मिळावा, एवढीच मागणी होती. नेहमीच्या, ओळखीच्या माणसाला परवाना नाकारायचे काही कारण नव्हते. तो मिळाला.

हरिसिंगाला एक गोष्ट आधीच कळलेली होती. हिंगोलीपासून फार लांब नसलेल्या एका गावचा व्यापारी मुंबईहून असेच कापड घेऊन निघालेला होता. हरिसिंगाच्या टोळीने त्याला वाटेत गाठले. तो व्यापारी, त्याचे नोकर, बैल हाकणारी माणसे, एकूण एक जण मारले गेले. मग रेनॉल्ड्सच्या सहीशिक्क्याच्या परवान्यावर तोच माल हिंगोलीत आला आणि छावणीत उघडपणे विकला गेला. कोणी कोणाला हटकले नाही. कागद चोख होते, माल चांगला होता आणि विकणारा ओळखीचा होता.

पुढे पकडला गेल्यावर हरिसिंगाने ही हकिकत स्वतःच्या तोंडाने सांगितली. झकास गंमत केल्यासारखी सांगितली. त्याने सांगितली नसती तर ती कधीच उघडकीला आली नसती, असे फिलिप मेडोज टेलरने लिहून ठेवले आहे. टेलर तेव्हा निजामाच्या फौजेत इंग्रज अधिकारी होता आणि या व्यापाऱ्याशी आपणही व्यवहार केला होता हे तो लपवत नाही. हिंगोली पुढे दीर्घकाळ परभणी जिल्ह्यात होती. १ मे १९९९ रोजी तिचा वेगळा जिल्हा झाला. म्हणजे जो शब्द आज लंडन-न्यूयॉर्कची वर्तमानपत्रे दर दुसऱ्या दिवशी वापरतात, त्याच्या इंग्रजी जन्मकथेतले एक महत्त्वाचे पान जुन्या परभणी जिल्ह्याच्या मातीतले आहे. तो शब्द म्हणजे ठग.

हरिसिंगाची खरी कर्तबगारी कापडाच्या मालापुरती नव्हती. त्याने आणि त्याच्या टोळीने खुद्द छावणीच्या बाजारात माणसे मारली होती. मुख्य पहाऱ्यापासून शंभर वारांच्या आत खून होत आणि पहारेकऱ्यांच्या रांगेपासून जेमतेम पाचशे वारांवर प्रेते पुरली जात. माफीच्या साक्षीदारांनी जागा दाखवायला सुरुवात केली तेव्हा टेलर तिथे हजर होता. एका लहानशा ओढ्याचे कोरडे पात्र होते, खंदकाएवढेच रुंद आणि तेवढेच खोल. ते पुढे नदीला मिळत होते. छावणीतून शेजारच्या गावाला जाणारा वाहता रस्ता अगदी लागून होता. साक्षीदार शांतपणे बोट दाखवीत, माणसे उकरीत आणि एकेका खड्ड्यातून कित्येक प्रेते निघत. एक खड्डा झाला की दुसरा, दुसरा झाला की तिसरा. शेवटी पाहणाऱ्यांना ओकारी यायची वेळ आली आणि त्यांनी शोध थांबवला. सगळे खड्डे उकरून झाले म्हणून तो थांबला नाही, माणसांना आणखी पाहवेना म्हणून थांबला.

ज्या रस्त्याने भाजीवाले, गवळी आणि शिपाई रोज जात होते, त्याच्या काठावर हे सगळे घडले. एवढी माणसे गेली तरी गावात हाकाटी झाली नाही, कारण गेलेली माणसे त्या गावची नव्हती. वाटसरू होते. त्यांची वाट पाहणारे दोनशे-तीनशे कोसांवर होते. घरी पोचायला उशीर का झाला हे कळायलाच महिने जायचे आणि तोवर वाटेतल्या दहा-वीस मुक्कामांपैकी नेमक्या कुठल्या मुक्कामी माणूस नाहीसा झाला, हे कोण सांगणार?

हिंगोलीच का, याचे उत्तर त्या काळाच्या नकाशात आहे. १८१८ मध्ये पेशवाई संपली. पेंढाऱ्यांच्या टोळ्या मोडल्या, सरदारांच्या पागा फुटल्या, हजारो हत्यारबंद माणसांच्या हातचे काम गेले. निजामाच्या मुलखात बंदोबस्तासाठी इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालची जी फौज होती, तिच्या छावण्या बोलारम, औरंगाबाद, एलिचपूर, मोमिनाबाद म्हणजे आपले अंबाजोगाई आणि हिंगोली अशा ठिकाणी पडल्या. याच फौजेला पुढे हैदराबाद कंटिन्जंट म्हणू लागले. जानेवारी १८१९ मध्ये नौसाजी नाईक हटकर यांच्या नव्हा किल्ल्याला तिने वेढा घातला आणि त्यात किल्ल्यातली शेकडो माणसे कापली गेली. बंड मोडायला ही फौज समर्थ होती. रस्त्यावरून चाललेल्या एकट्यादुकट्या माणसाचे रक्षण करणे हे तिचे काम नव्हते, आणि दुसऱ्या कोणाचेही नव्हते.

हिंगोलीवरून वऱ्हाडातून नांदेडकडे, पुढे हैदराबादकडे वाट जायची. छावणी आली की पगार येतो, पगार आला की बाजार वाढतो, बाजार वाढला की कापड, धान्य, दागिने आणि रोकड यांची वाहतूक वाढते. रजेवर निघालेला शिपाई कमरेला साठवलेला पगार बांधून गावाकडे जातो. सावकाराचा माणूस हुंडीऐवजी कधी रोकडच घेऊन निघतो. एका सरकारची हद्द ओलांडली की दुसऱ्याची सुरू होते आणि एका हद्दीतला गुन्हा दुसऱ्या हद्दीत विचारला जात नाही. त्यात काही जमीनदार आणि गावचे पाटील वाटा घेऊन डोळे मिटून बसत. ठगांना इतकी वर्षे कोणी हात का लावला नाही, याचे एक कारण म्हणून टेलरने हे स्पष्ट नोंदवले आहे. देवीचा कौल, शकुन-अपशकुन या गोष्टी इंग्रज लेखकांनी खूप रंगवल्या. मला मात्र या सगळ्यात वाटेकरी पाटील आणि बेवारस रस्ता हेच जास्त महत्त्वाचे वाटतात.

ठगांची रीत साधी होती आणि म्हणूनच भयंकर होती. दसऱ्यानंतर रस्ते वाळले की टोळी निघे. त्यातली बरीच माणसे एरवी शेती करणारी. वाटेत एखादा प्रवासी गाठ पडला की टोळीतला गोड बोलणारा माणूस पुढे होई. रस्ता वाईट आहे, चोरांचे भय आहे, आपण सोबतच जाऊ, असे तो म्हणे. दोन-चार दिवस एकत्र मुक्काम, एकत्र स्वयंपाक, सुखदुःखाच्या गोष्टी. खड्डा खणणारे आधीच पुढे जाऊन जागा तयार ठेवीत. मग एका संध्याकाळी, सगळे गप्पा मारत बसलेले असताना, कोणीतरी ठरलेला शब्द उच्चारी. बहुतेक वेळा ती तंबाखू आणण्याची सूचना असे. त्याच क्षणी मागे बसलेल्याचा रुमाल पुढच्याच्या गळ्याभोवती आवळला जाई आणि दुसरा त्याचे हात धरी. रक्त नाही, आवाज नाही, हत्यार नाही.

या लोकांची आपसातली एक बोली होती. तिला रमासी म्हणत. तिच्यात ज्याला मारायचे त्या वाटसरूला ‘बनिज’ म्हणत. बनिज म्हणजे व्यापाराचा माल. आपल्या वाणिज्याचाच तो भाऊ. समोर बसून जेवणारा जिवंत माणूस त्यांच्या बोलीत आधीच माल झालेला होता. फसवून सोबत घेणारा सोथा, गळा आवळणारा भुर्तोत, खड्डा खणणारा लुघा, इशारा झिरणी, अशी त्यांची नावे होती. परमुलखातल्या अनोळखी टोळीशी गाठ पडली तर ‘औले भाई, राम राम’ किंवा ‘औले खान, सलाम’ म्हणून एकमेकांना ओळखायचे. टोळ्यांत हिंदू होते आणि मुसलमानही होते, हे त्या दोन नमस्कारांवरूनच दिसते.

आणि हे लोक आपसात स्वतःला ‘औला’ किंवा ‘बोरा’ म्हणत. ठग हे नाव बाहेरच्यांनी दिलेले, सर्वसामान्यांच्या बोलीतले. संस्कृतात ‘स्थग’ म्हणजे लबाड, धूर्त. मूळ धातू ‘स्थग्’, म्हणजे झाकणे, लपवणे. त्यापासून प्राकृताच्या वाटेने हिंदीत ठग आला आणि मराठीत ठक आणि ठग दोन्ही आले. ठकवणे, ठकबाजी, ठकास महाठक ही सारी तिथलीच मंडळी. त्याच धातूपासून ‘स्थगित’ आणि ‘स्थगन’ झाले. विधानसभेत स्थगन प्रस्ताव येतो तेव्हा त्याचे आणि ठगाचे आजोळ एकच असते.

युरोपीय भाषांशीही हा धातू नाते सांगतो. झाकणे या अर्थाचा लॅटिन शब्द भाषाशास्त्रज्ञ याच मुळाशी जोडतात आणि त्या लॅटिन शब्दापासून इंग्रजीत ‘प्रोटेक्ट’ म्हणजे झाकून राखणे आणि ‘डिटेक्ट’ म्हणजे झाकण काढणे हे शब्द आले. ठग आणि डिटेक्टिव्ह ही भावंडे आहेत, हे मला या साऱ्या शोधात सर्वांत विलक्षण वाटते. एकाने झाकले आणि दुसऱ्याने उघडले. हिंगोलीच्या ओढ्यात दोघेही एकाच खड्ड्याच्या काठावर उभे होते.

मराठी-हिंदीतला ठग आधी फसवणारा असतो. तो ठार मारतोच असे नाही. हा शब्द जुना आहे. तेराव्या शतकाच्या अखेरीस सुलतान जलालुद्दीन खिलजीने हजारभर ठग पकडून बंगालकडे सोडून दिल्याचा उल्लेख इतिहासकार बरनीने केला आहे. फ्रेंच प्रवासी थेवनो याने सतराव्या शतकात दिल्ली-आग्रा रस्त्यावरच्या गळा आवळणाऱ्यांबद्दल लिहिले. इंग्रजी कागदोपत्री ‘ठग’ हा शब्द १८१० च्या सुमारास उत्तर हिंदुस्थानातल्या दंडाधिकाऱ्यांच्या पत्रव्यवहारात दिसू लागतो. दक्षिणेत मात्र अशा खुन्यांना ‘फाशीगर’ म्हणत. मद्रासकडच्या डॉ. शेरवूड यांनी १८१६ मध्ये त्यांच्यावर निबंध लिहिला तो याच नावाने. नंतर सगळा तपास उत्तरेतून, जबलपूरहून चालला आणि कागदोपत्री ठग हेच नाव चालू राहिले. फाशीगर मागे पडला. जबलपूरऐवजी मद्रासने पुढाकार घेतला असता तर आज इंग्रजीत कदाचित वेगळाच शब्द असता.

जबलपूरहून हा तपास चालवणारा अधिकारी म्हणजे विल्यम हेन्री स्लीमन. १८२२ च्या सुमारास तो नर्मदाकाठच्या नरसिंगपूर जिल्ह्याचा कारभार पाहत होता. जिल्ह्यात साधी चोरी झाली तरी आपल्याला कळते, असा त्याला भरवसा होता. पुढे त्याला समजले की त्याच्या कचेरीपासून चारशे वारांवरच्या कंदेली गावात ठगांची टोळी राहत होती आणि सागरच्या वाटेवर एका मजलेवर मंडेसूरच्या आमराईत माणसे पुरलेली होती. हिंगोली आणि नरसिंगपूर या दोन्ही ठिकाणी एकच गोष्ट घडलेली दिसते. खून कचेरीच्या आणि छावणीच्या सावलीत झाले, जंगलात नव्हे. स्लीमनने ही लाज मनाला लावून घेतली. त्याने पकडलेल्यांना माफीचे साक्षीदार केले, त्यांच्याकडून टोळ्यांच्या वंशावळी लिहून घेतल्या, रस्त्यांचे नकाशे काढले आणि १८३६ मध्ये ‘रमासीआना’ नावाने त्यांच्या बोलीचा कोशच छापला. निजामाच्या मुलखातली कारवाई रेनॉल्ड्सकडे आली. ज्याने हरिसिंगाला परवाना दिला तोच पुढे त्याच्या जातभाईंचा माग काढणारा झाला.

त्याच वर्षी, १८३६ मध्ये, कंपनी सरकारने तिसावा कायदा केला. तो लहानसा आहे. जो कोणी ठगांच्या टोळीत कधीही, कायद्याआधी किंवा नंतर, कंपनीच्या मुलखात किंवा मुलखाबाहेर, सामील होता असे सिद्ध होईल त्याला सक्तमजुरीची जन्मठेप. अमुक दिवशी अमुक माणसाला मारले हे सिद्ध करण्याची गरज उरली नाही. टोळीत होता एवढे पुरे. आणि ठग म्हणजे कोण, याची व्याख्या त्या कायद्यात नव्हती. पुरावा बहुतेक वेळा दुसऱ्या ठगाचा, म्हणजे फाशी टाळण्यासाठी बोलणाऱ्या माणसाचा.

टेलरने १८३१ ते १८३७ या वर्षांचे आकडे दिले आहेत. खटले होऊन निकाली निघालेल्या १७२७ जणांपैकी ४१२ फासावर गेले आणि १०५९ जणांना पिनांग वगैरे ठिकाणी काळ्या पाण्यावर पाठवले. चौकशीनंतर निर्दोष म्हणून सुटले ३२. त्याखेरीज ४८३ जण माफीचे साक्षीदार झाले. या आकड्यांत मी त्या ३२ पाशी थांबतो. सतराशेंपैकी बत्तीस. एवढ्या अचूकपणे गुन्हेगार पकडणारी व्यवस्था जगात कुठे नाही. ज्यांच्यावर वहीत एकदा ठग असा शिक्का बसला त्यांना सुटण्याची वाट जवळजवळ उरलीच नव्हती, असाच याचा अर्थ होतो.

टेलर स्वतः मात्र केवळ आकडे नोंदवणारा माणूस नव्हता. लिव्हरपूलमध्ये १८०८ मध्ये जन्मलेला हा मुलगा सोळाव्या वर्षी मुंबईत एका व्यापाऱ्याकडे नोकरीला आला. त्या व्यापाऱ्याचा धंदा बुडत चाललेला निघाला, म्हणून तो निजामाच्या फौजेत दाखल झाला. तो मराठी शिकला, तुळजापूर हे ठाणे धरून निजामाच्या मुलखाच्या नैर्ऋत्य भागात त्याने पोलिसी बंदोबस्त पाहिला, पुढे नळदुर्गचा कारभार केला आणि १८६३ मध्ये तुळजापूरच्या परिसरावर ‘तारा’ ही कादंबरी लिहिली. तुळजापुरात असताना वाटसरूंच्या खुनांची प्रकरणे त्याच्या हाती येऊ लागली होती, पण हुकूम आला आणि त्याला पलटणीत परतावे लागले. तसे झाले नसते तर ठगीचा छडा आपणच प्रथम लावला असता, ही रुखरुख त्याच्या लिखाणात जाणवते. माणसांशी बोलायची हौस आणि भाषा या दोन्हींमुळे त्याने साक्षीदारांकडून तासन्‌तास हकिकती ऐकल्या. त्यातून अमीर अली या ठगाच्या तोंडून सांगितलेली त्याची ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ ही कादंबरी १८३९ मध्ये लंडनमध्ये निघाली. हिंगोलीच्या हरिसिंगाची हकिकत तिच्या प्रस्तावनेत आहे. राणी व्हिक्टोरियाने छपाई चालू असतानाच तिची पाने मागवून वाचली. पुस्तक गाजले आणि ज्या इंग्रजांनी हिंदुस्थान कधी पाहिला नव्हता त्यांच्याही घरी ठग जाऊन बसला.

त्याच १८३९ साली थॉमस कार्लाइलने इंग्लंडमधल्या कामगार चळवळीवर पुस्तक लिहिले. ग्लासगोच्या सूतगिरण्यांतल्या कामगार संघटनेवर तेव्हा खून आणि दहशतीचे आरोप झाले होते आणि खटला गाजला होता. कार्लाइलने त्याला ग्लासगोची ‘ठगी’ म्हटले. कापूस पिकवणाऱ्या मुलखातल्या वाटमारीचे नाव, कापसाचे सूत काढणाऱ्या कामगारांना. इंग्रजीतल्या ‘थग’चा नवा अर्थ इथून पुढे वाढत गेला. रस्त्यावरचा दांडगा, हाणामारी करणारा, मालकाचा भाडोत्री गुंड, अमेरिकेत निवडणुकांत धाकदपटशा करणारा. इंग्रजी भाषेने त्याचे ‘थग’ केले, पण त्याहून मोठा बदल स्वभावात झाला. हिंगोलीचा ठग मृदू बोलायचा. तो शिव्या देत नसे, अंगावर धावून जात नसे. त्याची सारी शक्ती त्याच्या सभ्यतेत होती. इंग्रजी थग आवाज चढवतो, दारे फोडतो, अंगावरच्या खुणांनी ओळखू येतो. जो दिसत नव्हता त्याचे नाव दिसणाऱ्याला मिळाले.

अमेरिकेत या शब्दाला पुढे रंगही चढला. १९९० च्या दशकात तूपाक शकूर या गायकाने ‘थग लाइफ’ हे शब्द अंगावर गोंदवून घेऊन अभिमानाने मिरवले. एप्रिल २०१५ मध्ये बाल्टिमोरच्या दंगलीनंतर राष्ट्राध्यक्ष ओबामांनी दंगलखोरांना थग म्हटले, तेव्हा हा शब्द काळ्या तरुणांसाठी वापरला जातो म्हणून त्यावर वाद झाला. आज आपली मुले मोबाइलवर ‘ठग लाइफ’ म्हणतात ते तिकडून परत आलेले नाणे आहे. मराठी वर्तमानपत्रांत मात्र जुना अर्थ शाबूत आहे. ‘सायबर ठग’ म्हणजे फोनवर सभ्य आवाजात, सरकारी अधिकाऱ्याच्या थाटात, बनावट कागद दाखवून आयुष्याची पुंजी काढून घेणारा. रेनॉल्ड्सचा परवाना खिशात घेऊन फिरणाऱ्या हरिसिंगाने या माणसाला लगेच ओळखले असते.

गेल्या तीसेक वर्षांत इतिहासकारांनी स्लीमनच्या कागदांची कसून तपासणी केली आहे. राधिका सिंघा, किम वॅग्नर यांनी दाखवून दिले की अखिल हिंदुस्थानात पसरलेला, एका देवीला बांधलेला, पिढीजात खुन्यांचा एकच गुप्त पंथ, हे चित्र बरेचसे कचेरीत तयार झाले. काही अभ्यासक तर ठगी ही मुळात इंग्रजांचीच कल्पना, असे सुचवण्यापर्यंत गेले. ते मला मान्य नाही. हिंगोलीच्या ओढ्यातली प्रेते कल्पनेतली नव्हती. ती उकरताना समोर उभा असलेला माणूस आपल्याला काय दिसले ते लिहितो आणि आपणही याच खुन्याशी व्यवहार केला होता हेही लिहितो. ज्या व्यापाऱ्याचे कापड छावणीत विकले गेले तो, त्याचे नोकर, त्याचे बैल हाकणारे खरेच मेले. त्यांची नावे टेलरने लिहिली नाहीत, आणि खुन्याचे नाव मात्र दोन शतके टिकले, याचे वाईट वाटते. पण खून खरे होते म्हणून त्यांच्यावरून काढलेला सिद्धांत खरा ठरत नाही. गुन्हा काही माणसांनी केला; सरकारने त्यातून गुन्हा रक्तात असतो असा धडा घेतला.

हा धडा पुढे फार महाग पडला. ठगांविरुद्ध चाललेली पद्धत, म्हणजे कृत्य न पाहता गट पाहायचा, ती यशस्वी झाली असे मानले गेले. १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा आला. सबंध जमातीच्या नावाची नोंद, हजेरी, गाव सोडायला परवानगी, वसाहतींत डांबणे. १९११ नंतर तो मुंबई इलाख्यात लागू झाला आणि सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणाआड वसाहती उभ्या राहिल्या. परभणी, बीड, धाराशिव या पट्ट्यातल्या गावांच्या कडेला आजही फासेपारध्यांची पाले दिसतात. त्यांच्या नावातला फास हा तितर-लावे धरण्याचा, घोड्याच्या केसांचा किंवा दोऱ्याचा. तो जमिनीवर मांडायचा असतो. फाशीगराच्या रुमालाशी त्याचा काही संबंध नाही. पण नोंदवहीत असे बारकावे मावत नाहीत. गावात चोरी झाली की पहिली धाड कुठे पडायची हे पालातल्या लहान मुलालाही ठाऊक असे. लातूर जिल्ह्यात जन्मलेल्या लक्ष्मण गायकवाड यांनी आपल्या आत्मकथनाला ‘उचल्या’ हेच नाव दिले, कारण जमातीचे नाव आणि गुन्ह्याचे नाव एकच करून ठेवलेले होते. ज्याला शाळेत जायचे आहे त्या पोराच्या आधी ते नाव शाळेत पोचत असे.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला. त्या दिवसापासून या जमाती विमुक्त म्हटल्या जाऊ लागल्या. पण लगोलग ठिकठिकाणी सराईत गुन्हेगारांचे कायदे आले, आणि जुन्या वहीतली नावे नव्या वहीत उतरवायला वेळ लागला नाही.

ठगाची व्याख्या तोवर एका जाड पुस्तकात सुरक्षित होती. १८६० च्या भारतीय दंड संहितेचे कलम ३१० म्हणत होते की खुनाच्या मार्गाने लूट किंवा मुले पळवणे यासाठी जो इतरांशी सराईतपणे संगत ठेवतो तो ठग. आणि कलम ३११ त्याला जन्मठेप देत होते. वाटेवरच्या टोळ्या संपल्या, रेल्वे आली, हिंगोलीची छावणी १९०३ मध्ये मोडली, ठगी आणि डकैतीचे खाते १९०४ मध्ये बंद होऊन त्याच्या जागी मध्यवर्ती गुन्हे गुप्तचर खाते उभे राहिले. निजाम गेला, मराठवाडा महाराष्ट्रात आला. कलम ३१० जागच्या जागी राहिले. दीडशेहून अधिक वर्षे वकिलीचे विद्यार्थी ते पाठ करीत राहिले.

१ जुलै २०२४ रोजी भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि त्यात ठगाचे कलम नाही. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला, मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. अनेक राज्यांच्या तुरुंग नियमावल्यांत विमुक्त आणि भटक्या जमातींच्या माणसांना जन्माने सराईत मानून वागणूक देणारी कलमे होती. ती घटनाबाह्य ठरली. सराईत कोणाला म्हणायचे ते फक्त कायद्यातल्या व्याख्येवरून ठरेल, जमातीवरून नाही, असे न्यायालयाने सांगितले आणि तुरुंगाच्या नोंदवह्यांतला जातीचा रकाना खोडून टाकण्याचा आदेश दिला.